ब्लॅक सॅटर्डे: वारा फिरला आणि वणव्याची बाजूच तोंड झाली

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्या एका दिवशी पेटलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली, दोन हजारांच्या वर घरं जळाली आणि साडेचार लाख हेक्टरच्या आसपास जमीन काळी पडली. तिकडे त्या दिवसाला ब्लॅक सॅटर्डे म्हणतात. कोणाला हे सांगायला गेलं की पहिला आकडा तोंडात येतो तो तापमानाचा, मेलबर्नला ४६.४ अंश, आणि मग आपल्याकडचा माणूस, त्यातून विदर्भातला असेल तर नक्कीच, विचारतो की अहो ४६ तर आमच्या चंद्रपूरला मे महिन्यात होतंच, ४७ पण होतं, मग तिथे गावंच्या गावं का नाही जळून जात? प्रश्न एकदम बरोबर आहे. नुसत्या उन्हाने असा दिवस होत नाही. त्यासाठी पाच-सहा गोष्टी एकाच दुपारी एका जागी याव्या लागतात, आणि त्यातली सगळ्यात घातक गोष्ट तर पारा उतरायला लागल्यावर आली.

सुरुवात बरीच आधीपासून करावी लागते. ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग तेव्हा दहा-बारा वर्षं दुष्काळात होता, त्याला तिथे मिलेनियम ड्रॉट म्हणतात. दुष्काळ म्हणजे नुसतं धरणात पाणी नाही एवढंच नाही. जंगलातली माती खोलवर सुकते, एरवी बारा महिने ओलसर राहणाऱ्या घळी सुकतात, मोठमोठे पडलेले ओंडके आतपर्यंत कोरडे होतात. एरवी वणवा अशा ओल्या घळीपाशी येऊन मंदावतो. त्या वर्षी मंदावायला जागाच उरली नव्हती.

आता इथे आपला थेट संबंध येतो आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. हिंदी महासागराचं पाणी कधी पश्चिमेला, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूला, नेहमीपेक्षा गरम होतं आणि सुमात्रा-जावाच्या बाजूला गार पडतं. याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात, बातम्यांमध्ये आयओडी म्हणून येतं ते हेच. १९९९ मध्ये जपानमध्ये काम करणाऱ्या टीमने हे शोधून मांडलं, त्यात मूळचे भारतीय असलेले साजी हे शास्त्रज्ञ होते. हा डायपोल असा, म्हणजे पॉझिटिव्ह, असला की आपल्या मान्सूनला बहुतेक वेळा मदतच होते, म्हणून आपले हवामानवाले त्याची वाट बघत असतात. पण त्याच वेळी सुमात्राकडचं पाणी गार असल्यामुळे तिथून ऑस्ट्रेलियाकडे जाणारी बाष्पाची वाट बंद पडते, आणि व्हिक्टोरियाचा हिवाळा-वसंतातला पाऊस हुकतो. २००६, २००७ आणि २००८ अशी लागोपाठ तीन वर्षं डायपोल पॉझिटिव्ह होता. दुष्काळात आणखी तीन कोरडे वसंत. त्यामुळे २००९ च्या जानेवारीत जंगल कुठल्या अवस्थेत होतं याची कल्पना येईल.

आणि जानेवारीच्या शेवटी उष्णतेची लाट आली. (तिकडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, हे लक्षात ठेवा.) २८, २९, ३० जानेवारी या तीन दिवसांत मेलबर्नला ४३.४, ४४.३ आणि ४५.१ अंश तापमान होतं. रेल्वेचे रूळ वाकले, गाड्या रद्द झाल्या, वीज गेली. त्या लाटेच्या आठवड्यात राज्यात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले असा आरोग्य खात्याचा हिशेब आहे, म्हणजे नंतरच्या वणव्याच्या दुपटीहून जास्त. ही माणसं घरात, बिछान्यात, एकेकटी गेली, बरीचशी म्हातारी होती, त्यांचा कुठे फोटो नाही की स्मारक नाही. त्यांचं नाव निघत नाही याचं मला फार वाईट वाटतं म्हणून इथे मुद्दाम लिहितोय. जंगलाच्या दृष्टीने बघायचं तर या तीन दिवसांनी झाडांवरची हिरवी पानंसुद्धा करपवली आणि जमिनीवरचा पाचोळा पापडासारखा वाळला. जानेवारीत पाऊस जवळपास पडलाच नव्हता.

हवामान खात्याला हे सगळं दिसत होतं. तिकडचं हवामान खातं म्हणजे ब्युरो ऑफ मीटिऑरॉलॉजी, त्यांनी शनिवार कसा असणार हे काही दिवस आधीच सांगितलं होतं, अग्निशमनवाल्यांना ब्रीफिंग दिलं होतं, आणि शुक्रवारी राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जॉन ब्रम्बी यांनी स्वतः लोकांना सांगितलं की उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातला सगळ्यात वाईट दिवस असू शकतो, गरज नसेल तर बाहेर पडू नका. पूर्ण राज्यात टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर काडीसुद्धा पेटवायची नाही. त्यामुळे "कोणाला कल्पनाच नव्हती" असं जे कधीकधी लिहिलं जातं ते खरं नाही. अंदाज उत्तम होता. आणि तरीही १७३ माणसं गेली, माझ्या मते या दिवसाबद्दल समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच आहे.

आता हवेचं गणित. नकाशा डोळ्यासमोर आणा: ऑस्ट्रेलियाच्या खाली उजव्या कोपऱ्यात व्हिक्टोरिया, त्याच्या दक्षिणेला थंड समुद्र, उत्तरेला आणि वायव्येला हजारो किलोमीटर तापलेलं वाळवंट. उजवीकडे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या टास्मान समुद्रावर, जास्त दाबाचा एक मोठा पट्टा ठाण मांडून बसला होता, हलतच नव्हता. दक्षिण गोलार्धात जास्त दाबाच्या भोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो (आपल्याकडे उलटं असतं), त्यामुळे या पट्ट्याच्या डाव्या बाजूला वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणार, आणि ती डावी बाजू बरोबर व्हिक्टोरियावर होती. म्हणजे वाळवंटावरची हवा दिवसेंदिवस सरळ खाली ओढली जात होती. शिवाय जास्त दाब असला की हवा वरून खाली बसते आणि खाली येताना दाबली गेल्यामुळे तापते, एक किलोमीटर खाली आली की जवळपास दहा अंशांनी. ढग नाही, बाष्प नाही, नुसती तापत जाणारी कोरडी हवा.

आणि त्याच सुमाराला त्याच देशाच्या उत्तर टोकाला, क्वीन्सलंडमध्ये, मान्सूनच्या पावसाने पूर आलेले होते, इंगहॅम नावाचं गाव पाण्यात होतं. एकाच देशात एकाच आठवड्यात पूर आणि वणवा, आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा, पण टीव्हीवर दोन्ही बातम्या लागोपाठ बघणाऱ्या तिथल्या लोकांची काय अवस्था झाली असेल.

इथपर्यंत झाली उष्णता. वारा कुठून आला? तर डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून, थंड हवेची एक आघाडी येत होती, कोल्ड फ्रंट. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या समुद्रावरून अशा आघाड्या तिकडे बारा महिने येत राहतात, उन्हाळ्यात पण. आघाडीसोबत कमी दाब येतो. आता एका बाजूला न हलणारा जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूने सरकत येणारा कमी दाब, मधे व्हिक्टोरिया, मग दोघांच्या मधला दाबाचा फरक जसजसा कमी अंतरात येतो तसतसा वाऱ्याचा जोर वाढतो. म्हणजे थंड हवा जितकी जवळ येते तितका तिच्या पुढचा गरम वारा जास्त पेटतो. शनिवारी दुपारी काही ठिकाणी वायव्येच्या वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले.

यात आणखी एक भर. इतक्या तापलेल्या जमिनीवरची हवा चार-पाच किलोमीटर उंचीपर्यंत उसळत जाते, आणि वरची हवा तिच्या जागी खाली येते. वरचा वारा नेहमीच जोरात असतो, तो जोर घेऊनच ती खाली येते. सकाळी ज्या वाऱ्याचा खाली पत्ता नव्हता तो अकरा-बारापर्यंत जमिनीवर पोचला, आणि वरच्या हवेत बाष्प जवळपास नसल्यामुळे आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली गेली. दुपारी तीनच्या सुमारास मेलबर्नला ४६.४, त्या शहरात नोंदी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात जास्त, आणि वायव्येकडच्या होपटाउनला ४८.८.

चंद्रपूरच्या प्रश्नाकडे इथे परत येऊ, कारण फरक दोन ठिकाणी आहे. एक, आपल्याकडे मे महिन्यात ४६-४७ असतं तेव्हा दिवसभर शंभर किलोमीटरचा कोरडा वारा नसतो, वादळी वारा आला तर तो बहुतेक वेळा वळवाच्या ढगासोबत येतो आणि अर्ध्या-एक तासात संपतो. दोन, जंगल वेगळं. आपलं सागाचं, तेंदूचं जंगल उन्हाळ्यात पानं टाकून मोकळं होतं, त्यामुळे वणवा लागला तरी तो बहुतेक करून जमिनीवरचा पाचोळा आणि गवत खात जातो, वर शेंड्यात पेटायला काही शिल्लक नसतं. त्यानेही प्राणी मरतात, रोपं मरतात, वनखात्याची माणसं जाळरेषा काढून काढून थकतात, ते नुकसान लहान नाहीच. पण ती आग माणसाला झाडाच्या डहाळ्यांनी झोडपून विझवता येते.

व्हिक्टोरियाचं जंगल निलगिरीचं. सामाजिक वनीकरणात लावलेली निलगिरी आपण पाहिलेली आहे, पान चुरगाळलं की सर्दीच्या मलमाचा वास येतो तो त्यातल्या तेलाचा. झाड सदाहरित, म्हणजे भर उन्हाळ्यात शेंड्यापर्यंत तेलकट पानं भरलेली. त्याहून वाईट म्हणजे साल. काही जातींची साल लांब लांब पट्ट्यांनी सोलवटून खोडावर लोंबत राहते, एकेक पट्टी माणसाच्या उंचीएवढी नाहीतर त्याहून मोठी. खाली आग लागली की ती या पट्ट्यांवरून सरळ शेंड्यात चढते, आणि मग जळती पट्टी आगीच्या वर उसळणाऱ्या हवेत उचलली जाते, वाऱ्यात पडते आणि जळत जळत पुढे जाऊन कुठेतरी पडते. तिथे नवी आग. याला तिकडे स्पॉटिंग म्हणतात. ब्लॅक सॅटर्डेला मुख्य आगीच्या तीस किलोमीटरहून जास्त पुढे अशा ठिणग्यांनी आगी लागल्या. म्हणजे आग पुण्यात आणि ठिणगी लोणावळ्याच्या दिशेने निम्म्या वाटेवर. नदी, हायवे, जाळरेषा, कशाचाच उपयोग नाही.

आता पहिली ठिणगी. त्या दिवशी राज्यात शेकडो आगी लागल्या, त्यातली सगळ्यात जीवघेणी किलमोर ईस्टची, एकटीने ११९ माणसं घेतली. ती कशी लागली हे चौकशीत फार बारकाईने शोधलं गेलं, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. मेलबर्नच्या उत्तरेला किलमोर ईस्ट गावाजवळ एका डोंगरसोंडेवरून विजेची एकच तार जात होती. लांबच्या एकट्या-दुकट्या घरांना स्वस्तात वीज द्यायची तर दोन तारांऐवजी एकच तार टाकतात आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जातो, अशी पद्धत तिकडे खेड्यांत सर्रास आहे. ही तार चाळीस वर्षांहून जुनी, दोन खांबांमधला गाळा दरी ओलांडून तब्बल एक किलोमीटरचा. एवढी लांब तार वाऱ्यात सतत थरथरते. तार खांबाला जिथे अडकवलेली असते तिथे तिच्या टोकाला एक फिटिंग असतं, ते एका खोबणीत नीट बसायला हवं, आणि इथे ते नीट बसलेलं नव्हतं. मग त्या एका जागी तारेला वाक पडत राहिला, वर्षानुवर्षं, पदर एकेक करून तुटत गेले. खालून बघणाऱ्या तपासनीसाच्या नजरेत काही आलं नाही. शनिवारी पावणेबाराच्या सुमारास त्या वाऱ्यात तार तुटली, वीज चालू असलेलं टोक खांबाला आधार देणाऱ्या ताण-तारेला लागलं, ठिणग्या उडाल्या, खालचं वाळलेलं गवत पेटलं.

बस्स. बोटभर जागेतली चूक.

चौकशीत ज्या १५ मोठ्या आगी तपासल्या त्यातल्या ५ विजेच्या यंत्रणेशी जोडलेल्या निघाल्या. आणि याचं कारण योगायोग नाही: ज्या वाऱ्याने आग पळते त्याच वाऱ्याने तारा तुटतात, म्हणजे सगळ्यात वाईट हवेच्या दिवशीच ठिणगी पडायची शक्यता पण सगळ्यात जास्त. काही आगी माणसांनी लावल्या. गिप्सलंडमधल्या चर्चिल गावाजवळची आग मुद्दाम लावलेली होती, तिच्यात ११ माणसं गेली आणि लावणाऱ्याला पुढे शिक्षा झाली.

किलमोर ईस्टची आग वायव्येच्या वाऱ्यावर आग्नेयेला निघाली. दुपारी दोनच्या सुमारास तिने ह्यूम फ्रीवे ओलांडला, मेलबर्न-सिडनी हायवे आहे तो, चांगला रुंद, तिने तो सहज पार केला आणि माउंट डिसअपॉइंटमेंटच्या डोंगरात शिरली. डोंगर म्हटलं की आणखी एक नियम: चढावर आग जास्त वेगाने पळते, कारण ज्वाळा पुढच्या उतारावर झुकलेल्या असतात आणि पुढचा पाला पेटायच्या आधीच शेकून कोरडा होतो. साधारण हिशेब असा की दर दहा अंश चढाला वेग दुप्पट. वीस अंशाचा चढ असेल तर चौपट. स्ट्रॅथवेन गावावर ती वारा फिरायच्या आधीच पोचली होती.

आणि मग वारा फिरला.

हा भाग नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यासाठीच सांगितलं. पाचच्या पुढे ती थंड आघाडी मेलबर्नवरून गेली, आणि पुढच्या तास-दीड तासात आगीच्या भागावर पोचली. ज्यांनी दिवसभर ४६ अंश सोसले त्यांना नैऋत्येचा गार वारा लागला, पारा झपाझप उतरला. शहरातल्या माणसाला वाटणार, चला सुटलो. पण आगीच्या दृष्टीने काय झालं बघा. दुपारभर वायव्येच्या वाऱ्यात पळालेली आग म्हणजे एक लांब, अरुंद पट्टा असतो, तोंड पुढे आग्नेयेला आणि दोन्ही बाजू लांबच लांब. सगळी विध्वंसक ताकद तोंडाशी, बाजू हळूहळू जळत असतात. किलमोरच्या आगीचा पट्टा तेव्हा तीस किलोमीटरहून जास्त लांब झालेला होता. आता वारा अचानक नैऋत्येकडून आला म्हणजे बाजूवर येऊन आदळला, आणि पट्ट्याची ईशान्येकडची पूर्ण बाजू, ती सगळी तीस-चाळीस किलोमीटरची लांबी, एका झटक्यात तोंड झाली. अंगणात लांब काठी टोकाकडून ढकलली तर काठीच्या जाडीएवढीच रेघ उमटते, तीच काठी आडवी धरून ओढली तर सगळं अंगण खरवडून निघतं, तसं. आणि हा नवा वारा गार असला तरी तेवढाच जोरदार होता, जंगल अर्ध्या तासात ओलं होत नसतं.

किंगलेक गाव एका पठाराच्या कडेवर आहे, खाली सेंट अँड्र्यूजच्या बाजूला तीव्र उतार. दुपारभर आग आपल्या खालून, बाजूने, दुसरीकडे चालली आहे असं तिथल्या लोकांना दिसत होतं, धूर दिसत होता, पण रेडिओवर आपल्या गावाचं नाव नाही. वारा फिरला आणि ती उतारावरून सरळ वर आली, चढाचा वेग आणि वाऱ्याचा वेग दोन्ही घेऊन. दिवसाउजेडी अंधार झाला, आधी निखाऱ्यांचा पाऊस, मग आग. पळायला निघालेल्या गाड्या धुरात एकमेकांवर, झाडांवर आदळल्या. धोक्याच्या सूचना लोकांपर्यंत वेळेत पोचल्या नाहीत, आपत्कालीन फोनलाइनवर इतके कॉल आले की हजारो लोकांना कोणी उचललाच नाही.

तेच मेरिजव्हिलचं. ही वेगळी आग, मुरिंडिंडी नावाची, दुपारी तीनच्या सुमारास लागली आणि वायव्येच्या वाऱ्यावर गावाच्या बाजूने निघून गेली. वारा फिरला आणि बाजू गावाकडे वळली. मेरिजव्हिल हे डोंगरातलं टुमदार पर्यटनाचं गाव, आपल्या महाबळेश्वर-पाचगणीकडे लोक जातात तसं मेलबर्नचे लोक वीकेंडला तिकडे जायचे. संध्याकाळी गाव जवळपास पूर्ण गेलं, थोडीच घरं उभी राहिली. बरेच लोक वाचले ते गावच्या खेळाच्या मैदानावर, गॅलिपोली पार्कवर जमले म्हणून, तिथून पोलिसांनी गाड्यांची रांग करून त्यांना अलेक्झांड्राकडे काढलं. या आगीत एकूण ४० माणसं गेली.

एवढी मोठी आग स्वतःची हवा पण तयार करते. धुराचा खांब पंधरा किलोमीटरच्या आसपास उंच गेला, वर जाऊन त्याचा गडगडाटी ढग झाला, पायरोक्युम्युलोनिंबस असं त्याचं लांबलचक नाव आहे. त्यातून पाऊस जवळपास पडत नाही, पण वीज पडते, आणि त्या दिवशी अशा विजेने मूळ आगीपासून कितीतरी पुढे आणखी आगी लावल्या. शिवाय ढगातून खाली कोसळणारे वारे कुठल्याही दिशेने येतात. अशा वेळी आग कुठे जाईल याचा कुठलाही हिशेब चालत नाही.

हिशेबावरून आठवलं. ऑस्ट्रेलियात वणव्याचा धोका मोजायला एक निर्देशांक होता, अ‍ॅलन मॅकआर्थर यांनी १९६० च्या दशकात बनवलेला. तापमान, आर्द्रता, वारा, दुष्काळ घातला की शून्य ते शंभर असा आकडा मिळतो. शंभर म्हणजे १३ जानेवारी १९३९, ब्लॅक फ्रायडे, त्या दिवशी व्हिक्टोरियात ७१ माणसं गेली होती आणि याहून वाईट दिवस असू शकत नाही असं धरून शंभर ठरवलेला होता. ब्लॅक सॅटर्डेला बऱ्याच ठिकाणी आकडा शंभरच्या खूप वर गेला. म्हणजे पट्टीच संपली होती, आणि लोकांना जो सल्ला दिला जात होता तो पट्टीच्या आतल्या दिवसांसाठी बनवलेला होता.

तो सल्ला असा: तयारी करा, आणि मग एकतर घरी थांबून घर वाचवा नाहीतर लवकर निघा. यामागे खरा अनुभव होता. १६ फेब्रुवारी १९८३ च्या अ‍ॅश वेन्सडेच्या वणव्यांत ७५ माणसं गेली तेव्हा दिसलं होतं की शेवटच्या क्षणी गाडीतून पळणारे जास्त मरतात, आणि घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी जळत नाहीत, पन्हळीतल्या पाचोळ्यात, छताच्या फटीत, जमिनीखालच्या पोकळीत पडलेल्या निखाऱ्यांनी जळतात, त्यामुळे बादली-पोतेरं घेऊन थांबलेला धडधाकट माणूस घर वाचवू शकतो. साध्या वणव्यात हे अगदी खरं आहे. पण ब्लॅक सॅटर्डेला १७३ पैकी ११३ माणसं घरातच सापडली. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी नाही, प्लास्टिकचे पाइप वितळले, आणि मोठ्या आगीची नुसती धगच इतकी असते की ज्वाळा पोचायच्या आधी माणूस मरतो. काहींनी सगळी तयारी केलेली होती, तरी गेले. कित्येक जण "थोडं बघू, मग ठरवू" म्हणून थांबले. त्यांना दोष देववत नाही, घर सोडून जाणं ही काय सोपी गोष्ट आहे का, आपल्याकडे पुराचं पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत माणसं गुरं सोडून हलत नाहीत.

नंतर माजी न्यायाधीश बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, बसलं, जुलै २०१० मध्ये अहवाल आला, ६७ शिफारशी. या सगळ्यातून झालेल्या बदलांतले तीन मला महत्त्वाचे वाटतात. पट्टीला शंभरच्या वर नवी पायरी जोडली, कॅटस्ट्रॉफिक, व्हिक्टोरियात तिला तेव्हा कोड रेड म्हणायचे, आणि तिचा अर्थ स्पष्ट: या दिवशी घर वाचवायला थांबायचं नाही. फोनवर सूचना पाठवणारी देशव्यापी यंत्रणा २००९ च्या शेवटीच सुरू झाली. आणि विजेच्या तारांवर पैसा खर्च झाला, तार तुटली की ठिणगी पडायच्या आत प्रवाह दाबून टाकणारी उपकरणं सबस्टेशनमध्ये बसवली गेली. २०२२ पासून मॅकआर्थरचा जुना निर्देशांक जाऊन पूर्ण देशात नवीन, चार पायऱ्यांची पद्धत आली.

हवा मात्र सुधारलेली नाही. २०१९ मध्ये डायपोल पुन्हा जोरात पॉझिटिव्ह होता. आपल्याकडे त्या वर्षी मान्सून सरासरीच्या ११० टक्के झाला, परतीला निघायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, आणि तिकडे त्याच उन्हाळ्यात महिनोन्‌महिने जंगलं जळत राहिली, ब्लॅक समर म्हणतात तो.

मेलबर्नमध्ये आता खूप मराठी कुटुंबं आहेत, पोरं शिकायला जातात, बरेच जण स्वस्त जागा बघून शहराच्या अगदी कडेला घर घेतात जिथे पलीकडे गवताची मोकळी रानं किंवा झाडी सुरू होते. त्यांच्यासाठी आणि इकडून फोन करून "तिकडे किती डिग्री आहे रे" विचारणाऱ्या आई-बाबांसाठी सांगतो, उन्हाळ्यात अंदाज बघताना डिग्रीच्या पुढे वाचा. त्यात उत्तरेचा किंवा वायव्येचा वारा किती आहे ते बघा, आणि "चेंज", म्हणजे वारा फिरणं, किती वाजता येणार ते बघा, ती वेळ अंदाजात दिलेली असते. आग आपल्यापासून बाजूने चाललेली दिसत असेल तर ती त्या चेंजनंतर कुठे वळेल हे नकाशावर बोट ठेवून आधीच पाहून ठेवा, नैऋत्येचा वारा म्हणजे आग ईशान्येला. फोनमध्ये विकइमर्जन्सी हे आपत्तीच्या सूचना देणारं व्हिक्टोरियाचं अ‍ॅप ठेवा. आणि रेटिंग कॅटस्ट्रॉफिक असेल आणि घर झाडीजवळ असेल तर आदल्या रात्री नाहीतर पहाटे निघून शहरात कोणाकडे तरी जा, संध्याकाळी वारा गार झाला म्हणून लगेच परत फिरू नका.